पैलवानाचे पेढे

पेढा हातावर पडला तेव्हा विद्याश्रीला आधी वाटलं, आप्पा विसरले. विसरतं माणूस. सत्तरीला टेकलेले सासरे, सकाळपासून गुळाचे सौदे करून घसा बसलेला, त्यांना सुनेच्या साखरेचं कुठं ध्यानात राहणार? म्हणून ती हसून म्हणाली की आप्पा, मला चालत नाही. तर ते म्हणाले, "अगं, तुझ्याच नावाचा हाय. सोम्या सांगाय लागलाय, डॉक्टरीणबाईनं मशीनमध्ये बघितलं, बाळ दांडगं हाय म्हणं. नातू पैलवान हाय की आमचा." सासू पेढा न घेताच आत निघून गेली, आणि उरलेलं खोकं घेऊन आप्पा जिना उतरून खाली अडतीत गेले. खालून दिवाणजींचा, हमालांचा हसण्याचा आवाज आला, कुणीतरी शिट्टीही मारली. मुलगा की मुलगी हे कायद्यानं कुणी सांगत नाही. आप्पांना ते वजनावरून कळलं होतं. विद्याश्री पेढा तळहातावर धरून तशीच खुर्चीत बसून राहिली. पेढ्याचं तूप हाताला लागत होतं. समोर नवरा, सोमेश, मोबाइल चार्जिंगला लावत होता, आणि तिच्याकडे बघायचं शिताफीनं टाळत होता.

तू नेमकं काय सांगितलंस खाली, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, डॉक्टर म्हणाल्या तेच की. बाळ मोठं आहे. त्यात खोटं काय? खरंच, त्यात खोटं काहीच नव्हतं. तासाभरापूर्वी डॉक्टर अनुजांनी पडद्यावरून मान वळवून अगदी हेच म्हटलं होतं, पण त्याच्या पुढं आणखी पाच मिनिटं त्या बोलत होत्या. बाळ दिवसांच्या मानानं मोठं दिसतंय आणि ही कौतुकाची गोष्ट नाही, हे आधीच सांगते, असं म्हणाल्या. आईच्या रक्तातली जास्तीची साखर बाळाकडं जाते, बाळ नुसतं फुगतं, बाळंतपणात खांदा अडकतो, जन्मल्यावर त्याची साखर एकदम खाली येते. सोमेश शेजारीच बसला होता. मान हलवत होता. 'मोठं' एवढं ऐकून त्याच्या कानाची दारं मिटली असणार. ह्या गावात मोठं म्हटलं की विषय संपला. बारशाला आलेला प्रत्येक माणूस बाळ उचलतो तो वजन जोखायला, आणि हाताला जड लागलं की आईकडं बघून मान डोलावतो. म्हैस दांडगी पाहिजे, उसाचं कांडं दांडगं पाहिजे, पोर दांडगं पाहिजे. आता ह्या गावाला कसं सांगायचं की बाबांनो, माझ्या पोटात पैलवान नाही, माझी साखर साठतेय. तिला रडायला येत नव्हतं. तिला तो पेढा खिडकीतून भिरकावून द्यावा असं वाटत होतं, आणि खाली नेमकी आप्पांच्या डोक्यावरची टोपी असावी असंही वाटत होतं.

पेढा तिनं शेवटी देवघरात ठेवला. घरात साखर नव्हती, हे मान्य करायला पाहिजे. निदान झालं त्याच दिवशी सासूनं, म्हणजे गौराबाईनं, साखरेचा डबा शेजारी तानाबाईंकडं देऊन टाकला होता आणि आल्यागेल्याला ती अभिमानानं सांगायची की सुनेसाठी आमी समदी कडू च्या पितोय. पथ्याचं तिनं मनापासून केलं. नाचणीची भाकरी, मेथी, मोड आलेली मटकी, सगळं वेळेवर पानात. गुळाच्या अडतीवर तीन पिढ्या जगलेलं घर, पण माडीवर गुळाचा खडा यायचा बंद झाला. खाण्याचं त्यांना कळत होतं. हलण्याचं कळत नव्हतं. पोटुशी बाई म्हणजे काठोकाठ भरलेला हंडा, तो एका जागी ठेवायचा आणि कुणी धक्का लावायचा नाही, एवढंच ह्यांचं शास्त्र. सहावा लागला तसं सगळ्यांनी मिळून तिला रजा घ्यायला लावली. शिरोलीच्या फाउंड्रीत ती क्वालिटीला होती. दिवसभर पायावर. ओतीव माल तपासत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं, भट्टीपासून लांबून वळसा घालून, कास्टिंगवर बोटं फिरवून कुठं पोकळी राहिलीय ते बघत. तिथं असताना तिची साखर काठावर होती. घरी बसवल्यापासून चढायला लागली. हे तिनं सोमेशला उलटसुलट करून सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी तो म्हणाला होता, बघूया की.

बघूया की! ह्या माणसाशी भांडता येत नाही हेच त्याचं सगळ्यात मोठं हत्यार. तो कधी नाही म्हणत नाही. डॉक्टरांसमोर तो डॉक्टरांचा, आईसमोर आईचा, बायकोसमोर बायकोचा, आणि तिघींची पाठ वळली की अडतीचा. पंधरा दिवसांनी परत तपासणी, तोवर जेवणानंतरची साखर उतरली नाही तर इन्सुलिन, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही त्यानं तोंड गंभीर केलं आणि बाहेर आल्यावर विचारलं, मिसळ खाऊन जायचं का, म्हणजे मी खातो, तू बस. विद्याश्रीला सुईचं भय नव्हतं. लागलं तर घ्यायचं, डॉक्टरांनी समजावलं होतं, त्यात कमीपणा नाही आणि बाळाला धोकाही नाही. राग ह्याचा होता की चालून उतरली असती तर उतरली असती, हे कधी कळणारच नाही. कारण हे गाव तिला चालू देत नव्हतं.

खरंच देत नव्हतं. सांगितलं तर बाहेरच्या माणसाला थट्टा वाटेल. जेवण झाल्यावर थोड्या वेळानं बाहेर पडायचं, बोलता येईल इतपत वेगानं, धाप लागली की हळू, एवढं साधं औषध. ती शाहूपुरीच्या गल्लीतून निघायची. पहिल्याच वळणावर समोरच्या गॅलरीतून तानाबाई ओरडायच्या, एकटीच कुठं गं? त्यांना उत्तर देऊन पुढं जावं तर पिठाच्या गिरणीचे केरबा स्कूटर कचकन थांबवायचे. वहिनी, बसा, सोडतो. नको, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. असू दे की, डॉक्टर काय बघायला येतोय? आणि ते जागचे हलायचे नाहीत. मागं टेम्पो, त्याच्या मागं रिक्षा, सगळे हॉर्न वाजवणार, आणि सगळ्यांचं बघून झालं की सगळे केरबाच्या बाजूचे होणार. एकदा तर एका अनोळखी रिक्षावाल्यानं तिला अक्षरशः दंडाला धरून बसवलं, पैसे घेतले नाहीत, आणि दारात आप्पांना हाळी देऊन म्हणाला, "ओ पावणं, असल्या अवस्थेत सूनबाईला चालत धाडताय व्हय?" झालं. आप्पांचा चेहरा पडला. बाजारात ज्यांच्या शब्दावर माल उठतो त्या विरूपाक्ष आप्पांना एका रिक्षावाल्यानं दारात उभं करून विचारलं. त्या संध्याकाळी गौराबाई म्हणाली, लोकं तोंडात शेण घालत्याल, उद्यापासनं रस्त्यावर न्हाय.

माया होती ही, कोण नाही म्हणतंय? हीच तर पंचाईत. कुणी दुष्टावा केला असता तर विद्याश्रीनं दोन हात केले असते. गारगोटीची होती, तोंडानं कमी नव्हती. पण इथं प्रत्येक जण तिच्या भल्यासाठी तिला खाली बसवत होता. मग तडजोड म्हणून माडीवरच्या सोप्यात चालायचं ठरलं. पलंगापासून शोकेसपर्यंत, शोकेसपासून पलंगापर्यंत, आणि मधे पाटावर बसलेली गौराबाई, तिच्या पायांकडं टक लावून. दर फेरीला एकच. बस आता. साकु, साकु, पुरे. टेक जरा. ती वळली की गौराबाईचा श्वास अडकायचा, तो ऐकू यायचा. मग आप्पांनी डोकं लढवलं की गुदामात चालू दे, सावली हाय, घरचीच जागा हाय. तिथं ती एकच दिवस चालली. दोन्ही बाजूला छतापर्यंत गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्या, आणि वास असा की श्वास घेतला तरी गोड. ती समोरून आली की हमाल पाठीवरच्या ओझ्यासकट बाजूला होऊन थांबायचे, मान खाली घालून, ती पुढं जाईपर्यंत. ओझ्याखाली वाकलेल्या माणसांना आपल्यासाठी थांबवायचं तिला जड झालं आणि आप्पांनाही, कारण गाड्या भरायच्या राहिल्या. गुदाम बंद झालं. आता दुपारी जेवून झालं की ती डाव्या कुशीवर पडून राहायची आणि अन्नाची आत साखर होतेय ते जणू तिला ऐकू यायचं.

ऐकू यायचं ते खरं तर हृदय. उशीत कान दाबला की धाड धाड. पहिल्यांदा तिला वाटलं बाळाचं. डॉक्टर अनुजा हसल्या होत्या, म्हणाल्या, तुमचंच आहे ते, सध्या दोघांचं काम करतंय, बिचाऱ्याला जादा शिफ्ट लागलीय. मग हसणं थांबवून त्यांनी जे सांगितलं ते विद्याश्रीच्या मनातून जात नव्हतं. म्हणाल्या, बाळंतपण झालं की ही साखर बहुतेक जाते, आणि बायका विसरतात. शरीर विसरत नाही. अशा बायकांना पुढं साखर धरते, बीपी धरतं, हृदयाचं दुखणं इतरांपेक्षा जास्त होतं. चालायचं ते नुसतं ह्या नऊ महिन्यांसाठी नाही, तुमच्या पन्नाशीसाठी. पन्नाशी म्हटल्यावर विद्याश्रीच्या डोळ्यांपुढं आपली पन्नाशी आलीच नाही, आईची आली. पाठच्या भावाच्या वेळी आईच्या लघवीत साखर निघाली होती. गारगोटीत तेव्हा कोण काय सांगणार? भाऊ झाला तो हा एवढा थोरला, गल्लीतून बायका बघायला यायच्या, स्टुडिओत नेऊन त्याचा उघडा फोटो काढला. आणि साखर गेली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि परत कुणी कधी तपासलं म्हणून नाही. आईही विसरली. जिना चढताना थांबायची, पदरानं तोंड पुसायची, म्हणायची, पित्त झालंय. छातीत दुखलं तर सोडा प्यायची. त्या दिवशीही सोडाच प्यायली. कोल्हापूरला आणताना वाटेत, जीपमध्ये, विद्याश्रीच्या मांडीवर डोकं असताना तिनं एकदाच डोळे उघडून, पोचलो का, असं विचारलं. पोचलो नव्हतो. ह्या उशीतल्या धाड धाड आवाजात विद्याश्रीला तो रस्ता ऐकू यायचा. आणि आपल्या पोटातलं हे लेकरू कधीतरी आपलं डोकं मांडीवर घेऊन असंच बसेल, आणि लोक तेव्हाही म्हणतील की काय दांडगं होतं जन्मलं तेव्हा.

पेढ्यांच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं भाकरी, भाजी खाल्ली, हात धुतले, आणि थेट चपला घातल्या. सोमेश खाली होता. आप्पा मागच्या खोलीत आडवे झाले होते. जिन्याच्या तोंडाशी गौराबाई बसली होती, लसूण सोलत. ती उठली नाही. नुसती सरकून मधोमध बसली. जिना अरुंद, बाई भरभक्कम, वाट बंद.

अव्वा, सरका जरा, विद्याश्री म्हणाली. गौराबाईनं लसणाचं साल फुंकरीनं उडवलं आणि कुठं चाललीस असंही विचारलं नाही. विद्याश्रीनं परत सगळं सांगितलं. आवाज चढला तो तिला कळला, पण आता तो उतरवायची ताकद नव्हती. मोठं बाळ म्हणजे काय, खांदा म्हणजे काय, इन्सुलिन म्हणजे काय. माझी आई कशी गेली तुम्हाला ठाऊक आहे. मी काय हौस म्हणून हिंडत नाही. पेढे वाटताय तुम्ही, इथं माझा जीव चाललाय आणि तुम्ही पेढे वाटताय. माया आहे म्हणता, ह्या मायेनं मला खाटेला बांधून घातलंय. ती इतकं बोलली आणि धाप लागून कठड्याला धरून उभी राहिली. पोटात बाळानं एक सणसणीत लाथ दिली. आतून आप्पांचं घोरणं येत होतं.

गौराबाई लसूण सोलायची थांबली. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा, भाजीवाली तिला बघून आधीच भाव उतरवायची, असली ही बाई. ती इतक्या हळू बोलली की विद्याश्रीला वाकावं लागलं. "मी चाललोतो," ती म्हणाली. "म्हणून गेलं."

सोमेशच्या आधी एक मूल होऊन गेलं, एवढं विद्याश्रीला माहीत होतं. घरात त्याचा विषय निघत नसे. आता गौराबाई मांडीतल्या पाकळ्यांकडं बघत सांगत राहिली. पन्हाळ्याला नात्यातलं लगीन होतं. आठवा सरलेला. परतताना जीप बंद पडली, बाकीची माणसं दुसऱ्या गाडीची वाट बघत बसली, आणि ही आपली पावण्याबायकांबरोबर गप्पा मारत घाट उतरून खाली आली. बरं वाटलं चालून, हेही तिनं सांगितलं, आणि ते सांगताना चोरी कबूल केल्यासारखा तिचा चेहरा झाला. तीन दिवसांनी पोट गप झालं. दवाखान्यातून घरी आणल्यावर आप्पा एकच बोलले, कुणी सांगितलंतं चालायला? सासू बोलली, नणंदा बोलल्या, माहेरची बोलली. पुढं सोमेशच्या वेळी दिवस राहिले ते कळल्यापासून बाळंत होईपर्यंत हिला खाटेवरून उतरू दिलं नाही. आणि नंतर हीच उतरली नाही. देवळाला रिक्षा, बाजाराला रिक्षा, दोन घरं पलीकडच्या हळदीकुंकवालाही सोमेशची गाडी. विद्याश्रीला वाटायचं, बाईला मिजास आहे.

आणि एवढं सगळं ऐकताना विद्याश्रीच्या डोक्यात दुसरंच काही हलायला लागलं होतं. कास्टिंगवर बोट फिरवताना पोकळी लागते, दिसत नाही, पण बोटाला आधी कळतं, तसं. तिनं विचारलं, केवढं होतं ते? गौराबाईनं लसणाचे हात पुसले आणि दोन तळव्यांमधे अंतर धरलं. एवढं. मग जरा विचार करून ते अजून वाढवलं. "दांडगं हुतं. आठ म्हैन्याचं वाटतच नव्हतं. नर्सबाई म्हणली, पैलवान हुता बघा तुमचा." काल आप्पा पेढ्यांचं खोकं घेऊन आले तेव्हा ही बाई एकही न घेता आत का निघून गेली होती, ते आत्ता कळलं. विद्याश्रीनं आणखी विचारलं. तहान लागायची? लय, गौराबाई म्हणाली. घागर तोंडाला लावायचो, जीभ वाळून जायची. सारखं उठावं लागायचं? व्हय, पण ते समद्यांनाच हुतंय की. लघवी तपासलेली? कोण तपासतंय, तेव्हा.

विद्याश्री जिन्यावर तिच्याशेजारी कशीबशी टेकली. पोट मधे येत होतं, त्यावर तिनं हात ठेवला. आता बोलू नये, हेही तिला समजत होतं. ती डॉक्टर नव्हती. एवढ्या वर्षांपूर्वीच्या पोटात काय झालं हे आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण इतक्या दिवसांचा सगळा राग घशाशी आला होता, आणि तो आता ह्या बाईवर काढायचा नव्हता, तर कुठं काढायचा ते तिला कळेना. त्या घाटावर, त्या बंद पडलेल्या जीपवर, आत घोरणाऱ्या आप्पांवर. ती म्हणाली, "अव्वा, ते चालण्यानं न्हाय गेलं. साखरेनं गेलं असणार. तुम्हाला माझ्यासारखीच साखर होती, आणि कुणी बघितली न्हाय."

गौराबाईनं तिच्याकडं पाहिलं. असं कुणी कुणाकडं बघतं तेव्हा माणसानं नजर काढून घ्यावी, पण विद्याश्रीला ती काढता आली नाही. "शपथ?" गौराबाईनं विचारलं.

"शपथ," विद्याश्री म्हणाली. आणि पोटावरचा हात तिनं काढला नाही.

खाली वजनकाट्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला, सोमेश कुणालातरी मोठ्यानं हसून काही सांगत होता, बहुतेक पैलवानाचंच. गौराबाईनं लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं आणि स्वतःच्या पायांकडं बघितलं. घोट्यांशी सुजलेले, गोरेपान, वर्षानुवर्षं ऊन न लागलेले पाय. तिनं ते एकदा हलवून पाहिले. तिचा श्वास नुसतं बसल्याजागीही मोठ्यानं चालला होता, आणि विद्याश्रीला तो आज पहिल्यांदाच ऐकू आला. आईचा असाच असायचा.

"मग मी इतकी वर्सं का बसलो गं घरात?" गौराबाई म्हणाली.

ती रडत नव्हती. तिला उत्तर पाहिजे होतं. आत आप्पांनी कूस बदलून विचारलं की च्या झाला का.